ट्रॉली नऊच्या आत कशी संपवावी

नर्सिंगच्या पुस्तकात औषध देण्याचे पाच ‘बरोबर’ आहेत: रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग, वेळ. आरोग्य विद्यापीठ आपल्याच नाशकात, म्हसरूळला आहे. त्याचा मान राखून पेपरात ते ओळीने लिहा. वॉर्डात पोस्टिंग लागली की मात्र एकच ध्येय: नऊच्या आत औषधांची ट्रॉली रिकामी.

रुग्ण ओळखणं सगळ्यात सोपं. नाव विचारायचं नाही, आपणच सांगून टाकायचं. “गावित बाबा ना तुम्ही?” सुरगाण्याहून आलेले, कानाने अधू बाबा मान डोलावतात. सकाळपासून ते सगळ्यालाच मान डोलावताहेत. चहा हवा का, यालाही आणि दुखतंय का, यालाही. खरे गावित शेजारच्या कॉटवर निघाले, तर निघू देत. मनगटावरची पट्टी वळवून भरतीचा आयपीडी नंबर ताडून बघायला आपण काय तलाठी आहोत?

इन्सुलिनला हाताला लागेल ती सिरिंज घ्या. लाल टोपीची सिरिंज मिलीला 40 युनिटच्या व्हायलसाठी, केशरी टोपीची 100 च्या. पण रंग बघायला होळी आहे ना. 100 च्या व्हायलमधून लाल टोपीवाल्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत भरलंत, की अर्धा मिली, म्हणजे 20 च्या जागी चक्क 50 युनिट जातं. साखर उतरून पेशंट घामाघूम, निपचित पडला, तर नातेवाइकांना सांगा, ‘छान झोप लागलीय.’ जेवणाचं ताट आलं का, हे बघणं किचनचं काम.

पोटॅशियम क्लोराइड आणि डिस्टिल्ड वॉटर एकाच ट्रेमध्ये टाका, शोधाशोध वाचते. लेबल तीनदा वाचायचं म्हणे: उचलताना, भरताना, परत ठेवताना! पोटॅशियम सलाइनमध्ये न मिसळता थेट शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं, एवढाच काय तो दोन्हींतला फरक.

नाकातून नळी असलेल्या पेशंटची गोळी खलबत्त्यात घाला. पाकिटावर ‘एसआर’ असेल तरी कुटा. दिवसभर पुरवून पुरवून मिळणारं औषध एका दमात मिळाल्यावर पेशंटने तक्रार का करावी?

डॉक्टर द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमधून फोनवर डोस सांगतात. फिफ्टीन की फिफ्टी, हे हॉर्नमध्ये कळत नाही. “सर, एक-पाच की पाच-शून्य?” असं विचारून, ऑर्डर परत वाचून दाखवून त्यांचा वेळ खाऊ नका. अंदाज घ्या. तुमचं गणित दहावीला चांगलंच होतं.

औषध दिल्याच्या सह्या सकाळी आठलाच, दुपारी दोनपर्यंतच्या, एका बैठकीत उरका. बारा वाजता पेशंट एक्स-रेला गेला किंवा गोळी ओकला, तरी चार्टवर त्याने ती घेतलेलीच असते. चार्ट कधी ओकत नाही.

एवढं करून काही बिनसलंच, तर त्यासाठी छापील इन्सिडंट फॉर्म असतो. तो इन्चार्ज सिस्टरांच्या कपाटात आहे, किल्ली त्यांच्या पर्समध्ये, आणि सिस्टर सोमवारपर्यंत सुट्टीवर.