'सरकीत मोहरीची भेसळ' या एक स्टारच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा अभिप्राय काल रात्री मुलाने वाचून दाखवला. गाईने आमच्या दुकानातल्या आंबोणाला, म्हणजे पेंड-भरड्याच्या खुराकाला, तोंड लावलं नाही, दोन दिवसांत दूध दीड लिटरने घटलं, तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. दूध घटलं की घरात काय होतं ते आम्हाला सांगायला नको, आमच्याही दावणीला जनावरं आहेत.

पण 'सरकीच्या नावाखाली मोहरी घालून विकतात, फलटण-बारामतीकडच्यांनी सावध राहा' असं जे लिहिलंत, ते काही गळ्याखाली उतरत नाही. तुम्ही सरकी पेंड घेतलीच नव्हती. पावती बघा. 'मिश्र आंबोण, 50 किलो' असं स्वच्छ लिहिलंय. पोत्याच्या शिलाईत जो टॅग असतो, त्यावर मका भरडा, सरकी पेंड, मोहरी पेंड, सोया डीओसी (तेल काढून घेतलेली सोया पेंड), गव्हाचा कोंडा, क्षार मिश्रण, मीठ, सगळं छापलेलं आहे. मोहरी तिसऱ्या क्रमांकावर आहे, पाठीमागे बारीक अक्षरात नाही. लपवायचंच असतं तर छापलं कशाला असतं?

आता मूळ मुद्दा. तुम्हीच टाकलेला फोटो मोठा करून बघितला. पिवळी बादली आहे, आंबोण पाण्यात पार गिच्च भिजलंय, वर फेस आलाय. खाली तुम्हीच लिहिलंय, 'रात्रभर भिजवून सकाळच्या धारेला दिलं.' दादा, सगळं तिथेच झालं. सरकी रात्रभर भिजवायची आपल्याकडे पिढ्यानपिढ्यांची रीत आहे, त्यात काही वावगं नाही. मोहरीचं तसं नाही. कोरडी पेंड हातात घेतली तर फारसा वास येत नाही. पाणी लागलं की आतला तिखटपणा सुटतो आणि जितका वेळ ठेवाल तितका चढतो. लोणच्याला मोहरी फेसतात तेव्हा डोळ्यांत पाणी येतं ना, तीच गत. तशी बादली पुढे केल्यावर गाय मान फिरवणारच. घाण्याच्या, म्हणजे एक्स्पेलरमध्ये दाबून तेल काढलेल्या पेंडीत हे जास्त होतं आणि आम्ही तीच वापरतो, कारण तिच्यात थोडं तेल राहतं आणि दुभत्या जनावराला ते लागतं. 'कोरडे द्यावे' ही सूचना टॅगवर आहे. पोतं गाडीत चढवताना आमच्या पोऱ्यानेही तुम्हाला सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही फोनवर होता, असो.

दुसरं म्हणजे, पहिल्याच दिवशी पूर्ण चार किलो दिलंत. खुराक बदलताना जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत आठ-दहा दिवस घ्यायचे असतात. पोटातल्या जिवाणूंना नवं खाणं अंगवळणी पडायला तेवढा वेळ लागतो. हे कुठलाही पशुवैद्यक सांगेल, नुसत्या आमच्या शब्दावर जाऊ नका.

व्हिडिओत बघून तुम्ही लिहिलंय की मोहरी पेंड विषारी असते. अर्धवट माहिती आहे ती. मोहरीत ग्लुकोसिनोलेट नावाचे घटक असतात, ते फार झाले तर जनावराच्या थायरॉइडवर ताण येतो, हे खरं. म्हणूनच आम्ही शंभर किलोत दहा किलोच्या वर मोहरी जाऊ देत नाही. कॅनडात 1970 च्या दशकात याच कुळातलं, हे घटक कमी असलेलं वाण काढलं, त्यालाच कॅनोला म्हणतात. तिकडच्या दुभत्या गाईंच्या खुराकात त्याची पेंड सर्रास असते. आपल्याकडे दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने तशीच, हे घटक कमी असलेली 'पुसा डबल झिरो मोहरी 31' काढली आहे, पण आमच्या व्यापाऱ्याकडे ती वेगळी अशी येत नाही. येतो तो राजस्थानचा नेहमीचा माल. आमची पेंड कॅनोला आहे असं आम्ही कधीच म्हटलेलं नाही, म्हणून तर हात आखडता ठेवतो.

आणि मोहरी घातली म्हणजे माल हलका केला, असंही नाही. टरफलासकट सरकी पेंडीत प्रथिनं बावीस टक्क्यांच्या आसपास असतात, मोहरी पेंडीत पस्तीसच्या आसपास. हलका माल कसा करतात ते सांगतो, याच धंद्यात आहोत म्हणून माहीत आहे. प्रयोगशाळेत नत्र मोजतात आणि त्याला 6.25 ने गुणून प्रथिनं काढतात. शंभर किलोत एक किलो युरिया टाकला की कागदावर प्रथिनं जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढतात. असा कारभार आमच्या गोदामात एकदाही झालेला नाही. संशय असेल तर तुमच्यासमोर नमुना सील करू, तुम्ही म्हणाल त्या प्रयोगशाळेत पाठवू, खर्च आमचा.

दराचं म्हणाल तर 1,650 रुपये तुम्हाला जास्त वाटले. 2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं होतं, केंद्र सरकारला 12 लाख टन सोया पेंड बाहेरून आणायला परवानगी द्यावी लागली होती. त्या दिवसांतही आम्ही नेहमीच्या गिऱ्हाइकांना उधारीवर माल दिला, कुणाची गव्हाण रिकामी राहू दिली नाही. तेव्हा कुणी पाच स्टार दिल्याचं आठवत नाही.

तरीही तुमची सूचना घेतली आहे. कोरडं द्यायची सूचना मोठ्या अक्षरात करायचं छपाईवाल्याला सांगितलंय, जुना स्टॉक संपला की होईल. मोहरी नसलेलं आंबोणही करून बघायचा विचार आहे, दर मात्र थोडा वर जाईल. कामगार उद्धट बोलला असं लिहिलंय, त्याला समज देऊ.

पोत्यातलं उरलेलं आंबोण न भिजवता, तोंड बांधून घेऊन या. बघून बदलून देऊ, नाहीतर साधी सरकी घेऊन जा. रविवारी दुपारनंतर दुकान बंद असतं. मागच्या दोन पोत्यांचं राहिलेलं इथे चारचौघांत काढत नाही, आलात की बोलू.