चार मशीनना टेराफॉर्म कशाला? म्हणणाऱ्यांना

म्हापसा असो की मडगाव, सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. मला तो चार जणांकडून आला. मथितार्थ असा: टेराफॉर्म हे सर्व्हर कसे हवेत ते कोडमध्ये लिहून उभारायचं साधन; चार-पाच व्हर्च्युअल मशीनसाठी (क्लाऊडवरच्या सर्व्हरसाठी) ते वापरणं म्हणजे डोंगर पोखरून उंदीर. कन्सोलवर, म्हणजे क्लाऊड कंपनीच्या वेबपानावर बटणं दाबून, दोन मिनिटांत मशीन उभं राहतं. कोडमध्ये एक ओळ चुकली की सगळं उडतं. आणि परवाना बदलल्यापासून ते फुकटही राहिलं नाही.

शेवटचं आधी उरकतो. ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म बनवणाऱ्या हॅशिकॉर्पने परवाना बदलला, हे खरं. पण बंधन आलं ते त्यांच्याशी स्पर्धा करणारी सेवा विकणाऱ्यांवर. फोंड्यात बसून स्वतःच्या हॉटेलच्या बुकिंगचे सर्व्हर उभारणाऱ्याला त्यापायी एक पैसाही पडत नाही. तरी मन मानत नसेल, तर टेराफॉर्मच्याच जुन्या कोडवरून निघालेलं, लिनक्स फाऊंडेशनच्या छत्राखालचं ओपनटोफू आहेच, जुन्याच मुक्त परवान्यावर.

आता ती दोन मिनिटं. पहिल्या मशीनला तेवढीच लागतात, कबूल. मला पहिला कोड लिहायला अख्खा शनिवार गेला होता. पण डिसेंबरच्या सिझनआधी एका ग्राहकाला ॲमेझॉन क्लाऊडच्या मुंबई रीजनमधल्या मशीनचं जुळं हवं होतं. मूळ मशीन कन्सोलवर केलेलं, करणारा मुलगा नोकरी सोडून गेलेला. सबनेट (नेटवर्कचा तुकडा) कुठलं, डिस्क जीपी२ प्रकारची की जीपी३, आणि दुरून लॉगिन करायचा २२ नंबरचा पोर्ट अख्ख्या जगाला उघडा का, कोणालाच सांगता येईना. त्या दोन मिनिटांची उस्तवार आम्ही तीन दिवस केली.

गोव्यात जमीन घेणाऱ्याला एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सातबारा) आणि प्रत्यक्ष जागा यांतला फरक समजावावा लागत नाही. टेराफॉर्मची स्टेट फाईल, म्हणजे काय-काय उभारलंय याची नोंद, हा तसाच उतारा. कोडने उभारलेल्या मशीनचं कुंपण (फायरवॉलचे नियम) कोणी कन्सोलवरून गुपचूप सरकवलं, तर पुढच्या प्लॅनमध्ये, म्हणजे काय बदलणार ते आधी दाखवणाऱ्या यादीत, ते उघडं पडतं. (आणि हा उतारा मामलेदाराकडे खेटे न घालता दुरुस्त होतो.) फक्त त्या फाईलमध्ये पासवर्डही उघडे पडलेले असू शकतात, म्हणून ती गिटमध्ये (कोड सगळ्यांसोबत ठेवायच्या जागी) टाकायची नसते.

राहिली चुकलेली ओळ. या भीतीत तथ्य आहे, पण मजकूर लिहिणाऱ्याने बोट भलत्याच जागी ठेवलंय. मशीनचा आकार बदलला तर ते बंद होऊन पुन्हा सुरू होतं, डिस्क जागेवर राहते. इमेज (मशीन ज्या तयार साच्यावरून सुरू होतं तो) बदलली तर मात्र जुनं मशीन पाडून नवं उभं राहतं. कोडमध्ये ‘सर्वांत नवी इमेज घे’ असं लिहिलं असेल, तर तुम्ही एक अक्षरही न बदलता, नवी इमेज आली की प्लॅन मशीन पाडायला निघतो! पण तो तसं आधी सांगतो: उणे-अधिकची खूण आणि शेजारी ‘फोर्सेस रिप्लेसमेंट’. ते न वाचता ‘यस’ ठोकणाऱ्याचं काय करणार? कन्सोलवर चुकीचं बटण दाबूनही मशीन उडतंच, आणि तिथे आधी दुसऱ्या कोणाला दाखवायला कागदच नसतो.

‘प्रिव्हेंट डिस्ट्रॉय’ (मशीन पाडू न देणारी कोडमधली ओळ) लावून निर्धास्त होणाऱ्यांनीही सावध राहावं. मशीनचा अख्खा ब्लॉकच कोडमधून खोडला, तर ते कवचही त्याच्याबरोबर जातं. म्हणून डेटाबेसची डिस्क मी वेगळ्या फोल्डरात, वेगळ्या स्टेटमध्ये ठेवतो. ऑटो-अप्रूव्ह, म्हणजे ‘यस’ न विचारताच बदल करणं, फक्त टेस्टच्या मशीनना.