फोर्कवरचा ‘४७’ म्हणजे १९४७ नव्हे

गेल्या आठवड्यात फोंड्याला मामांकडे गेलो, तेव्हा ते पडवीत बसून, मांडीवर सायकलचा जुना सस्पेन्शन फोर्क (पुढचे चाक धरणारा आणि धक्के शोषणारा दुपायी भाग) आडवा घेऊन त्याच्या खालच्या पायावर कानस चालवत होते. हे काय चालले आहे, असे विचारल्यावर त्यांनी मोबाइल पुढे केला. तीन-चार व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरून आलेल्या त्या संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: परदेशी पर्यटकांनी गोव्यात सोडलेल्या माउंटन बाइकांचे ‘रॉकशॉक्स’ कंपनीचे फोर्क लाखमोलाचे असतात, फोर्कवरच्या नंबराचे पहिले दोन आकडे म्हणजे सन, लोहचुंबक चिकटले तर माल नकली, आणि पाय घासून निघालेली भुकटी पेटवल्यावर पांढराशुभ्र उजेड पडला, तर ते किलोवर विकले जाणारे शुद्ध मॅग्नेशियम. हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात घेतलेल्या या फोर्कला तीन हजार देणारे गिऱ्हाईक मामांनी याच संदेशापायी परत पाठवले होते.

कानशीपासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या थापांनी फार तर पैसे जातील, हिने डोळे जातील. या फोर्कांचे खालचे पाय पुष्कळदा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे ओतीव असतात, हे खरे. घन सेंटिमीटरला अ‍ॅल्युमिनियम २.७ ग्रॅम भरते, तर मॅग्नेशियम १.७४, म्हणून वजन वाचवण्यासाठी ते वापरतात. पण ते शुद्ध नसते, त्यात अ‍ॅल्युमिनियम व जस्त मिसळलेले असते. दोन्ही पायांचे मिळून वजन किलोभरही भरत नाही. आणि हा धातू बाजारात किलोला काही शे रुपयांच्या घरातला आहे, म्हणजे ‘किलोवर’ विकून एका वेळच्या मासळीचा खर्च निघेल. उलट त्याची भुकटी पेटली, तर तिची ज्योत डोळे दिपवण्याइतकी प्रखर असते. मामांनी खबरदारी म्हणून शेजारी पाण्याची बादली भरून ठेवली होती. जळत्या मॅग्नेशियमवर पाणी पडले की हायड्रोजन सुटतो आणि आग विझण्याऐवजी भडकते. तिथे कोरडी वाळू लागते. शिवाय जिथे रंग खरवडला, तिथे आपल्याकडची खारी, दमट हवा पावसाळाभरात पांढरी भुकटी धरवते आणि धातूला खड्डे पाडते. म्हणजे किंमत तपासता तपासता किंमतच कानशीने उतरवायची.

आता नंबराविषयी. मामांच्या फोर्कवरचा नंबर ‘४७टी३’ असा सुरू होतो, त्यामुळे फोर्क १९४७ सालचा, असे त्यांनी ठरवून टाकले होते. रॉकशॉक्स ही कंपनी पॉल टर्नर आणि स्टीव्ह सायमन्स यांनी १९८९ मध्ये काढली. सत्तेचाळीस साली असला फोर्क फोंड्यात नव्हता, तसा अमेरिकेतही नव्हता. २००२ मध्ये सायकलचे भाग बनवणाऱ्या ‘स्रॅम’ने ही कंपनी घेतली आणि उत्पादन तैवानला गेले. तिथल्या नंबरांची पद्धत अशी, की पहिले दोन आकडे आठवड्याचे, ‘टी’ तैवानचा आणि पुढचा एक आकडा सनाचा. म्हणून ‘४७टी३’ म्हणजे तीनने संपणाऱ्या सालातला सत्तेचाळिसावा आठवडा, साधारण नोव्हेंबर. ते साल २००३, २०१३ की २०२३, हे नंबर सांगत नाही. ते फोर्कच्या अंगावर पाहावे लागते. मामांच्या फोर्कवर डिस्क ब्रेकचे बोल्ट आडवे, चाकाच्या दांड्याला समांतर शिरतात, आणि त्यांच्या दोन भोकांतले अंतर ५१ मिलिमीटर आहे. नंतरच्या फोर्कांवर बहुधा चाकाच्या दिशेने बसणारे, ७४ मिलिमीटर अंतराचे बोल्ट येतात. म्हणून माझे मत २००३ कडे झुकते.

लोहचुंबकाच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. वरच्या सरकत्या नळ्यांना चुंबक चिकटले, तर त्या पोलादी आहेत आणि फोर्क बहुधा स्वस्तातला आहे. पण मधली स्टीअररची, म्हणजे हँडल जिच्यावर बसते ती, नळी चांगल्या फोर्कांतही पोलादी असे, आणि आत गुंडाळीची स्प्रिंग असेल, तर तीही बहुधा पोलादीच. चुंबक कुठे लावायचे हे न सांगता ‘नकली’ म्हणणे हा उनाडपणा आहे.

आणि जुने ते महाग? संग्राहक पैसे देतात, पण ते रॉकशॉक्सच्या सुरुवातीच्या ‘आरएस-१’ फोर्कला किंवा मार्झोकी कंपनीच्या १९९७ च्या नारिंगी ‘बॉम्बर झेड-१’ फोर्कला, तेही सुस्थितीत असेल तर. रॉकशॉक्सनेच ‘जेट’सारखे साधे फोर्कही ढिगाने बनवले, आणि स्टिकर तर कोणीही चिकटवतो. नव्वदच्या दशकातल्या कित्येक फोर्कांत स्प्रिंगऐवजी रबरासारखे इलॅस्टोमर असत. ते आज उघडले तर चुरा हाती येतो. गिऱ्हाईक विचारते ते वेगळेच: स्टीअररचा व्यास २५.४, २८.६ की ३१.८ मिलिमीटर, त्यावर आटे आहेत का, आणि आधीच्या मालकाने तो किती कापला आहे. आखूड कापलेला स्टीअरर वाढवता येत नाही.

मामांचा स्टीअरर २८.६ चा, बिनआट्यांचा आणि भरपूर लांब निघाला. वरच्या नळ्यांवर नखाला लागेल असा ओरखडा नाही. परत पाठवलेल्या गिऱ्हाइकाला मीच फोन केला. तो आला, त्याने पायावरच्या कानशीच्या खुणांवरून बोट फिरवले आणि म्हणाला, “आता दोन हजार.”