टूथपेस्टने चकाकलेला हेडलाइट पुन्हा पिवळा का पडतो

भाऊ, नमस्कार.

हेडलाइटच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलं आहे, "आमच्या इकडे टूथपेस्ट घासली का लाइट चकाचक. वरून थोडं खोबरेल तेल लावलं का झालं काम. वॉटर पेपर, कोटिंग, फिल्म हे शहरातल्या लोकायचे चोचले. गरिबाले कायले खर्चात पाडता? अन लयच पिवळा झाला तर नवीन टाकावा." तुमचा राग खर्चावर आहे आणि तो रास्त आहे. म्हणूनच थोडं सविस्तर लिहितो.

टूथपेस्टने लाइट चकाकतो, हे खरं. तिच्यात सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटची बारीक भुकटी असते, ती वरचा जळालेला थर खरवडून काढते. अडचण त्याच्या पुढे आहे.

जुन्या जीपला आणि ट्रॅक्टरला खरी काच असायची. ती राखेने घासा, वर्तमानपत्राने पुसा, तिचं काही बिघडत नव्हतं. आताच्या गाड्यांचा पुढचा लाइट पॉलिकार्बोनेटचा असतो. वजनाला हलका, गिट्टी उडून लागली तरी सहसा फुटत नाही, पण उन्हातल्या अतिनील किरणांपुढे हे प्लास्टिक टिकत नाही. त्याचे रेणू तुटत जातात आणि ते पिवळं, धुरकट होतं. म्हणून कारखान्यातच त्यावर एक कडक, पारदर्शक लेप चढवतात. तो जेमतेम काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा असतो. लेप आहे तोवर आतलं प्लास्टिक सुरक्षित.

आता टूथपेस्ट, राख, भांड्याची पावडर, काहीही घासलं की पिवळेपणासोबत हा उरलासुरला लेपही निघून जातो. लाइट नव्यासारखा दिसतो खरा, पण मिरगाच्या तोंडावर घराचे टिन उतरवून ठेवावेत, तशी त्याची गत होते. चंद्रपूर, अकोला, वर्धा, यवतमाळ, कुठेही घ्या, आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जाणं नवलाचं नाही. अशा उन्हात उघडं प्लास्टिक काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत पुन्हा पिवळं पडतं. मग पुन्हा घासा. खोबरेल तेल बारीक ओरखडे भरून काढतं, एवढंच. त्यावर कच्च्या रस्त्याचा फुफाटा चिकटतो आणि पुढच्या पुसण्यात तोच फुफाटा नवे ओरखडे पाडतो.

पेट्रोल किंवा थिनर मात्र कृपा करून लावू नका. त्याने पॉलिकार्बोनेटला आतपर्यंत बारीक चिरा जातात आणि त्या कोणत्याही पॉलिशने जात नाहीत. डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं डासांचं मलम चोळूनही काही जण लाइट चमकवतात. ते प्लास्टिकचा वरचा थर मऊ करतं, म्हणून क्षणभर चमक दिसते.

मी या गोष्टीवर एवढा अडून बसतो, त्याचं कारण आपले रस्ते. वणी, पांढरकवडा, राळेगावकडच्या कोणत्याही रस्त्यावर रात्री कधी रोही (नीलगाय) आडवा येईल, कधी रानडुकरांचा कळप उतरेल, सांगता येत नाही. कापसाच्या हंगामात मागे लाल दिवा तर सोडाच, साधी रिफ्लेक्टरची पट्टीही नसलेली ट्रॉली अंधारात उभी असते. ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. समोरचं दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच २५ मीटर संपतात, आणि गाडी थांबायला कोरड्या डांबरावरही आणखी २० मीटर लागतात. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये जुने, धुरकट लाइट मोजून पाहिले, तेव्हा त्यांचा उजेड नव्याच्या २२ टक्क्यांपर्यंत उतरलेला निघाला. नीट घासून-पॉलिश करून तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आला. रात्री दवाखान्यात पेशंट न्यायची वेळ आपल्यापैकी कोणावरही येते, आणि तेव्हा हा फरक फार मोठा ठरतो.

आता खर्चाचं. शहरातल्या दुकानात जायची गरज नाही. तालुक्याच्या हार्डवेअरमध्ये वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, सुटा मिळतो. ८००, १५०० आणि २००० नंबरचे एक-दोन कागद आणा, भोवतीच्या पेंटला मास्किंग टेप लावा आणि पाणी सोडत हलक्या हाताने घासा. आधी ८००, मग क्रमाने बारीक. पिवळं पाणी निघायचं थांबून लाइट एकसारखा दुधी दिसू लागला की मगच पुढचा नंबर. इथे घाई केली तर जाड कागदाचे ओरखडे शेवटपर्यंत राहतात. मग रबिंग कंपाउंड, म्हणजे गाडीच्या पॉलिशची पेस्ट. इथवरचं काम घरी होतं आणि टूथपेस्टपेक्षा फार महाग पडत नाही.

खरा खर्च घासताना निघालेल्या लेपाच्या जागी चढवायच्या नव्या लेपाचा, पण तोही कमी करता येतो. तालुक्याला डेंटिंग-पेंटिंगवाला असतोच. तो एखाद्या गाडीवर टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक लेप) मारत असेल, त्याच दिवशी आपली गाडी न्या आणि लाइटवर पातळ दोन हात मारून घ्या. तसंही उरलेलं क्लिअर हार्डनर मिसळल्यामुळे वाया जाणारच असतं. फर्निचरचं एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर चालत नाही, ते स्वतःच उन्हात पिवळं पडतं. पावसाळी दमट हवेत किंवा भर दुपारी तापलेल्या गाडीवरही मारू नका. दिवाळीनंतरची कोरडी सकाळ सगळ्यात चांगली.

"गाडी सावलीत लावा" या सल्ल्यावर "आमच्याकडे कुठलं शेड?" असं तुम्ही विचाराल. अंगणात लावत असाल तरी तोंडाची दिशा बघा. हिवाळाभर सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा गाडीचं तोंड उत्तरेकडे ठेवलं तर लाइटवर थेट ऊन कमी पडतं. मे महिन्याच्या शेवटी आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य अगदी डोक्यावर असतो. त्या दिवसांत दिशेचा उपयोग नाही, तेव्हा जुन्या सुती लुगड्याचा तुकडा लाइटवर टाका. पोतं नको, वाऱ्याने हलून ते घासतं. एकाच बाजूचा लाइट जास्त पिवळा असेल, तर गाडी रोज कशी उभी राहते ते बघा, कारण तिथेच सापडेल. आणि धुताना आधी पाणी ओता, धूळ वाहून जाऊ द्या, मगच कपडा लावा.

नवीन लाइट टाकायचा सल्ला काही वेळा बरोबरच आहे. पिवळेपणा आतून असेल, बल्बमागचा चकचकीत रिफ्लेक्टर जळाला असेल किंवा खोल चिरा असतील, तर घासण्यात अर्थ नाही. रिफ्लेक्टर जळतो तो बहुतेकदा ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० चा बल्ब टाकल्यामुळे. आत पाणी साचत असेल तर आधी मागचं रबरी टोपण बघा, बल्ब बदलताना मेकॅनिक ते बसवायला विसरलेला असतो. त्यासाठी अख्खा लाइट बदलू नका. आणि नवा टाकलाच तर पहिल्याच आठवड्यात त्यावर पारदर्शक फिल्म लावून घ्या. पिवळी पडली तरी ती सोलून दुसरी लावता येते.