जीपीएफ, एनपीएस आणि होटगी रोडचा प्लॉट : एका प्रतिक्रियेला उत्तर

जीपीएफ (जुन्या निवृत्तिवेतन योजनेतल्यांचा भविष्य निर्वाह निधी) आणि एनपीएस (नंतरच्यांची राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना) या सरकारी नोकरदारांच्या निवृत्तीच्या बचतीची तुलना करणाऱ्या मागच्या लेखावर जिल्हा परिषदेच्या एका शिक्षक वाचकांनी चांगलीच झोडपणारी प्रतिक्रिया लिहिली आहे. तिचा सारांश असा : ‘जीपीएफला ७.१ टक्के, आमच्या एनपीएसला नऊ-दहा टक्के. निवृत्तीला आमच्या खात्यात सव्वा कोट असेल, जुन्यांच्या हातात फक्त महिन्याचं निवृत्तिवेतन. तरी तुम्ही त्यांनाच भाग्यवान म्हणता. तुमचा ५० हजारांच्या जादा वजावटीचा सल्ला ऐकून पैसे भरले, कर एक रुपयाही वाचला नाही. आणि सोलापुरात ज्यांनी प्लॉट घेतले त्यांचे दुप्पट झाले, पतसंस्था आजही १० टक्के देते. पीपीएफचं पुणेरी तुणतुणं इथं वाजवू नका.’

सर, वजावटीच्या मुद्द्यावर तुम्ही बरोबर आहात. चूक माझी आहे, म्हणून आधी तीच.

एनपीएसमध्ये स्वतःहून भरलेल्या ५० हजारांची वजावट, म्हणजे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम ८० सीसीडी १बी, फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. लेखातल्या तक्त्यात मी ती सरसकट सगळ्यांसमोर लिहिली होती. नव्या प्रणालीत ती नाही, पीपीएफ-विमा यांची दीड लाखाची नाही, तुमच्या स्वतःच्या १० टक्के कपातीचीही नाही. तिथं शाबूत आहे ती शासनाच्या १४ टक्के हिश्श्याची वजावट. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर पगारदाराला कर शून्यच पडतो. म्हणून तुमचे ५० हजार करापुरते वाया गेले. ते बुडालेले नाहीत, पण निवृत्तीला ६० टक्के हातात आणि ४० टक्के वार्षिकीत (दरमहा ठरावीक उत्पन्न देणाऱ्या विमा योजनेत), या नियमात अडकले, हे खरं.

याच ठिकाणी फॉर्म १६ मात्र नीट पाहा. शासनाचा १४ टक्के हिस्सा आधी पगाराच्या उत्पन्नात मिळवायचा आणि मग तेवढाच वजा करायचा, अशी पद्धत आहे. कधी तो मिळवला जातो आणि वजा करायचा राहतो. वार्षिक मूळ पगार अधिक महागाई भत्ता ९ लाख असेल, तर हा आकडा १ लाख २६ हजारांचा होतो. तेवढं उत्पन्न उगाच फुगलं की १२ लाखांच्या आत असणारा माणूस बाहेर जातो.

आता टक्क्यांकडे वळू.

जीपीएफचा ७.१ हा दर एप्रिल २०२० पासून तसाच आहे. पण जुन्या योजनेतल्या माणसाचं निवृत्तिवेतन जीपीएफमधून येत नाही. ते शासनाच्या तिजोरीतून येतं, आणि जीपीएफ ही त्याची वेगळी शिल्लक असते. तुम्ही ७.१ आणि ९ हे दोन आकडे शेजारी मांडलेत, म्हणजे एकाच्या फक्त खिशाची दुसऱ्याच्या अख्ख्या घराशी तुलना केलीत. दोघांचंही सगळं मांडून बघू.

निवृत्तीच्या वेळी मूळ पगार ८० हजार आणि, हिशेब सोपा जावा म्हणून, महागाई भत्ता ५० टक्के. एकूण १ लाख २० हजार. तुमचे १० आणि शासनाचे १४ मिळून २४ टक्के, म्हणजे शेवटच्या वर्षी महिन्याला २८,८०० रुपये जमा. सेवा २८ वर्षं, पगार दरसाल ७ टक्क्यांनी वाढत आलेला आणि परतावा ९ टक्के. या हिशेबाने शेवटी साधारण सव्वा कोटी होतात. तुमचा आकडा बरोबर आहे. परतावा ९ ऐवजी ८ धरला तर तेच १ कोटी १० लाखांवर येतात, आणि मी ८ च धरेन. सरकारी कर्मचाऱ्यांच्या ठरलेल्या योजनेत बरीच वर्षं शेअरची मर्यादा १५ टक्के होती, बाकी सगळं रोख्यांत. रोख्यांचे व्याजदर उतरतात तेव्हा जुन्या रोख्यांना भाव येतो आणि परतावा छान दिसतो. पुढची २० वर्षं दर उतरतच राहतील असं धरून चालता येत नाही. शिवाय शासनाचा हिस्सा १४ झाला तो २०१९ पासून. त्याआधी तो १० होता, आणि वरच्या गणितात मी पहिल्या दिवसापासून १४ धरला आहे. म्हणजे गणित तुमच्याच बाजूने झुकवलेलं आहे.

तरी सव्वा कोटीच घेऊ. ४० टक्के, म्हणजे ५० लाख, वार्षिकीत घालणं सरकारी कर्मचाऱ्याला सक्तीचं आहे. दर साडेसहा धरला तर महिना २७,०८३ रुपये. हातात आलेले ७५ लाख ७ टक्क्यांनी ठेवले तर महिना ४३,७५०. एकूण ७०,८३३.

जुन्या योजनेत मूळ निवृत्तिवेतन ४० हजार, भत्त्यासह ६० हजार. इथं तुम्ही थांबलात आणि म्हणालात, एनपीएस पुढे. पण जुन्या माणसाच्या पगारातून निवृत्तिवेतनासाठी कपात झालेली नाही. तुमचे जे १० टक्के एनपीएसमध्ये गेले, तेवढेच त्याने जीपीएफमध्ये टाकले असं धरा. त्याच २८ वर्षांत, त्याच पगारवाढीने, ७.१ टक्क्यांनी ते ४० लाखांच्या थोडे पुढे जातात. त्यावर ७ टक्क्यांनी महिना २३,३३३. एकूण ८३,३३३. पहिल्याच महिन्यापासून साडेबारा हजार जास्त.

पुढची वर्षं तर सोडाच. भत्ता धरून निवृत्तिवेतन वर्षाला ५ टक्क्यांनी वाढलं, तर जीपीएफ बाजूला ठेवूनही ६० हजारांचे चौथ्या वाढीला ७२,९३० होतात आणि २० वर्षांनी १ लाख ५९ हजार. वार्षिकीचे २७,०८३ त्या दिवशीही २७,०८३ च. वेतन आयोगाने होणारी फेररचना यात धरलेलीच नाही.

एनपीएसच्या बाजूने एक गोष्ट ठामपणे उभी राहते, आणि ती मूळ लेखात मी दोन ओळींत उरकली होती : मागे राहणारी रक्कम. खरेदी किंमत परत देणारी वार्षिकी घेतली, तर पती-पत्नी दोघांच्या पश्चात ते ५० लाख मुलांना मिळतात, शिवाय शिलकीतले ७५ लाख असतात. जुन्या योजनेत पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, त्यापुढे सज्ञान, कमावत्या मुलांना काही नाही. ज्यांच्या घरात दुसरं निवृत्तिवेतन आहे, त्यांना हा फरक मोठा वाटू शकतो. वार्षिकीचा प्रकार निवडताना मात्र घाई होते. खरेदी किंमत परत न देणाऱ्या प्रकाराचा दर जास्त दिसतो म्हणून तो घेतला जातो, आणि जोडीदाराचं नाव त्यात नसेल तर कर्मचाऱ्याबरोबर उत्पन्नही संपतं. एकदा घेतलेली वार्षिकी मनात आलं म्हणून बदलता येत नाही.

अर्थात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्या बहुतेकांना जुनी योजना हा पर्यायच नाही. जाहिरात त्या तारखेच्या आधीची आणि नेमणूक नंतरची, अशांना २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने एकदाच संधी दिली होती. तुमच्यासमोरची खरी तुलना एनपीएस आणि ठरावीक निवृत्तिवेतनाचं आश्वासन देणाऱ्या नव्या योजनांची आहे. राज्याच्या सुधारित योजनेत २० वर्षांच्या सेवेवर शेवटच्या पगाराच्या ५० टक्के आणि त्यावर महागाई वाढ आहे. आपल्याकडे रेल्वेचे वाचक बरेच आहेत, त्यांच्यासाठी : केंद्राच्या यूपीएसमध्ये (एकात्मिक निवृत्तिवेतन योजनेत) ५० टक्क्यांसाठी २५ वर्षं लागतात, आणि पाया शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराचा. सेवा २२ वर्षं असेल तर ४४ टक्के, म्हणजे ८० हजारांवर ३५,२००. १० वर्षांच्या खाली ठरावीक निवृत्तिवेतन नाहीच. आणि जमा रकमेतून ६० टक्क्यांपर्यंत उचलता येते, पण त्या प्रमाणात निवृत्तिवेतन कापलं जातं. ‘निवृत्तिवेतनही मिळेल आणि रक्कमही’ असं चहाच्या टपरीवर सांगितलं जातं, त्यातला हा कापण्याचा भाग गळालेला असतो. म्हणून फॉर्मवर सही करण्याआधी निवृत्तीच्या तारखेला तुमची सेवा किती वर्षं, किती महिने भरते ते सेवापुस्तकावरून काढा. विनावेतन रजा आणि सेवाखंडाच्या नोंदी तिथंच सापडतात.

या सगळ्याआधी एक काम आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखच नाही : तुमच्या खात्यात पैसे खरंच आले आहेत का?

प्राण क्रमांकाने (एनपीएसच्या कायम खाते क्रमांकाने) लॉगिन करून मागच्या पूर्ण आर्थिक वर्षाचं व्यवहार विवरण काढा. शेजारी बारा पगारपत्रकं ठेवा. बारा महिन्यांचे बारा स्वतःचे आणि बारा शासनाचे, असे चोवीस आकडे जुळले पाहिजेत. शासनाचा आकडा तुमच्या आकड्याच्या १.४ पट हवा. दोन्ही सारखे दिसले, तर १० टक्क्यांचाच भरणा होतो आहे. डीए थकबाकी मिळाली त्या महिन्यात रक्कम वाढलेली दिसली पाहिजे. गडबड हमखास होते ती दोन ठिकाणी. पहिली डीसीपीएसच्या (एनपीएसआधीच्या परिभाषित अंशदान योजनेच्या) जुन्या वर्षांत : कपात झाली, हिशेबचिठ्ठी मिळाली, पण रक्कम एनपीएस खात्यात वर्ग झाली नाही. दुसरी आंतरजिल्हा बदलीत : माणूस सोलापूरला आला, त्याची जुनी रक्कम आधीच्या जिल्हा परिषदेतच राहिली, किंवा प्राण खातं जुन्याच कार्यालयाला जोडलेलं राहिलं. महिना १० हजारांचा भरणा एक वर्ष झालाच नाही, तर ते १ लाख २० हजार ९ टक्क्यांनी १५ वर्षांत ४ लाख ३७ हजार झाले असते. उशिराने नुसतं मुद्दल जमा झालं, तर मधला फरक तुमच्या खिशातून गेला.

अर्ज करताना ‘माझी कपात जमा नाही’ एवढंच लिहू नका. महिना, पगारपत्रकातली रक्कम, विवरणातली रक्कम आणि फरक, असे चार रकाने करा. प्राथमिक शिक्षकांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेच्या वित्त विभागाकडे, अनुदानित माध्यमिकच्या लोकांनी मुख्याध्यापकांमार्फत वेतन पथकाकडे द्यावा. आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नये. त्याच बैठकीत वारसाचं नावही पाहून घ्या. लग्नाआधी लावलेलं आईचं नाव निवृत्तीपर्यंत तसंच असतं.

राहिला प्लॉट. ‘दुप्पट झाले’ हे वाक्य किती वर्षांत ते सांगितल्याशिवाय अपुरं आहे. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला पावणेपंधरा टक्के, उत्तमच. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे ७.२, आणि तुम्ही ज्याला तुणतुणं म्हणता ते पीपीएफ ७.१ ने दहा वर्षांत तेवढंच वाजतं, तेही करमुक्त आणि तारेचं कुंपण न घालता. प्लॉटच्या खर्चात मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली आणि विकतानाचा १२.५ टक्के दीर्घकालीन नफ्यावरचा कर धरा. जुळे सोलापूर किंवा होटगी रोडला मंजूर लेआउटमधला, बिगरशेती आदेश असलेला, सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर तुमचं नाव लागणारा प्लॉट घ्या की, माझी ना नाही. नोटरीच्या कागदावर घेतलेला गुंठा-दीड गुंठा मात्र नुसत्या त्या कागदाने तुमच्या नावावर होत नाही, आणि दवाखान्याचं बिल आलं तर प्लॉटचा कोपरा तोडून विकता येत नाही. प्लॉटची खरेदी आपल्या कार्यालयाला कळवणं वर्तणूक नियमांनी बंधनकारक आहे, तेही विसरू नका. हेच नियम शेअरच्या सट्ट्यालाही मनाई करतात. शाळेच्या मधल्या सुट्टीत मोबाईलवर ऑप्शन खेळणाऱ्यांनी ते एकदा वाचावेत.

पतसंस्थेबद्दल एकच. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. १० आणि ७ यांतले ३ टक्के म्हणजे त्या धोक्याची किंमत. कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या पतसंस्थेत पगारातून वसुली होते, म्हणून ती बरी चालते, हे मान्य. पण तिथं जामीनदार म्हणून केलेली सही ही गुंतवणूक नसली तरी तिचा हप्ता तुमच्या पगारातून जाऊ शकतो.

आणि तुम्ही ५८ ला निवृत्त होणार, म्हणून हे जोडतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला ६० वर्षांची अट आहे असं समजून बरेच शिक्षक दोन वर्षं थांबतात. नियत वयोमानाने निवृत्त झालेल्याला ५५ नंतरही खातं उघडता येतं, मात्र निवृत्तीचे लाभ हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत, आणि मिळालेल्या लाभांच्या रकमेइतकंच, कमाल ३० लाख. दर ८.२ टक्के, म्हणजे ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५००. उपदान (ग्रॅच्युइटी) आणि रजा रोखीकरण वेगवेगळ्या महिन्यांत येतं, तेव्हा प्रत्येकाची जमा झाल्याची तारीख आणि कार्यालयाचं पत्र जपून ठेवा. पोस्टात आधी तेच मागतात.

तक्त्यातली वजावटीची ओळ दुरुस्त केली आहे. तुमचे चोवीस आकडे जुळले नाहीत, तर कोणत्या महिन्यांत ते खाली लिहा. प्राण क्रमांक मात्र लिहू नका.