राहतं घर शिस्तीत कसं घालवावं

घर घेताना माणूस शंभर जणांना विचारतो. घालवताना मात्र कोणालाच विचारत नाही, आणि मग बऱ्याच जणांचं हे काम अर्धवट राहतं. कोणीतरी ऐन वेळी बँकेत जाऊन बसतं, काहीतरी तोड निघते, घर वाचतं. असा घोटाळा तुमच्या हातून होऊ नये म्हणून चार गोष्टी सांगून ठेवतो.

पहिला हप्ता चुकला की पहिलं काम म्हणजे कोणालाही कळू न देणं. झाकली मूठ सव्वा लाखाची. हप्ता थकून ९० दिवस उलटले की कर्जखातं एनपीए होतं, म्हणजे बँक ते थकीत, अनुत्पादक कर्जांत टाकते, म्हणजे हातात जवळजवळ तीन महिने असतात आणि ते जपून वाया घालवायचे असतात. याच काळात नोकरी गेल्याचं पत्र किंवा दवाखान्याची बिलं घेऊन शाखेत गेलात, तर समोरचा माणूस मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची, कर्जाची पुनर्रचना करण्याची भाषा बोलू लागतो. नाही म्हणण्याचा अधिकार त्यालाही आहे, पण तो हो म्हणाला तर काय करणार? तेव्हा शाखेच्या रस्त्यानं जाऊच नये. फोन आला तर तो वाजू द्यावा. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे म्हणे. रात्री दहाला आलेल्या फोनची लेखी तक्रार करण्यापेक्षा उशीखाली मोबाइल दाबणं सोपं.

अगदीच राहवलं नाही तर एखाद्या ॲपवरून चढ्या व्याजाचं कर्ज काढावं आणि त्यातून घराचा हप्ता भरावा. घरात आधी एकच कर्ज होतं, बिचारं एकटं पडलं होतं.

मग येतो तो जाड लिफाफा, पोचपावतीसकट. माझ्या एका मावसभावानं तो फ्रिजवर ठेवला, त्यावर इस्त्रीचे कपडे, त्यावर सोसायटीच्या वार्षिक सभेची सूचना. वहिनींना दिसू नये, एवढाच हेतू. आत होती सरफेसी कायदा, २००२ (कोर्टात न जाता तारण घर ताब्यात घेऊन विकायची मुभा बँकेला देणारा कायदा) याच्या कलम १३(२) खालची नोटीस: ६० दिवसांत सगळी थकबाकी भरा. त्यानं लिफाफा फोडला तो ७१ व्या दिवशी. याला म्हणतात टायमिंग.

वेळेत फोडला असता तर उगाच कामं वाढली असती. या नोटिशीला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावंच लागतं. हरकत घ्यायची म्हणजे खात्याचा उतारा मागवा, आकडे तपासा. दंडाची रक्कम मुद्दलात मिसळून तिच्यावर पुन्हा व्याज लावायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०२३ मध्ये बजावलंय, तेव्हा तेही बघत बसा. वर्षानुवर्षं हप्ते भरून देणं मुद्दल आणि व्याजाच्या २० टक्क्यांच्याही खाली आलं असेल, तर हा कायदा त्या कर्जाला लागूच होत नाही. एवढी आकडेमोड शाळेत कधी केली नाही, आता कशाला?

घर स्वतःच विकून कर्ज फेडण्याचा विचारही मनात येईल. तो झटकून टाकावा. नोटीस आल्यावर विक्रीला बँकेची लेखी संमती लागते, ती मागायला जावं लागतं, आणि ती मिळाली तर लिलावापेक्षा चार पैसे जास्त यायची भीती असते. (गंमत बघा, आपल्याकडे मुदतीआधी कर्ज फेडून टाकण्याला 'फोरक्लोजर' म्हणतात. परदेशात त्याच शब्दानं घर जातं. बँकेतल्या मुलीनं 'फोरक्लोजर करायचंय का?' असं विचारल्यावर मावसभाऊ घाबरून बाहेरच आला होता.) एकरकमी तडजोडीचंही तसंच. ती झाली तर क्रेडिट रिपोर्टवर 'सेटल्ड' असा डाग राहतो. आणि डागापेक्षा बेघर होणं बरं दिसतं.

यानंतर ताबा नोटीस दारावर चिकटते आणि दोन वर्तमानपत्रांत छापून येते, त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं. तुमचं पूर्ण नाव, जामीनदार म्हणून मेहुण्याचं नाव, थकबाकी पैशांपर्यंत, आणि खाली घराचं वर्णन: पूर्वेस जिना, पश्चिमेस मोकळी जागा, उत्तरेस फ्लॅट क्रमांक अमुक. सहा महिने मूठ झाकली ती याच साठी. आता सव्वा लाख खप असलेल्या पेपरात ती उघडी.

हा ताबा कागदावरचा असतो, तुम्ही घरातच असता. याविरुद्ध ४५ दिवसांत ऋण वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, अर्ज करता येतो. तिकडे फिरकू नये. ओळखीच्या ओळखीतल्या वकिलाला गाठून दिवाणी कोर्टात दावा टाकावा. या कायद्याच्या कलम ३४ नं ते दार आधीच बंद करून ठेवलंय, पण बंद दार ठोठावण्यात ४५ दिवस कसे जातात कळतही नाही. तोवर बँक जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते, आणि मग प्रत्यक्ष ताबा घ्यायला माणसं येतात, बरोबर पोलीसही असू शकतात.

आता शेवटची काळजी. लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होण्याआधी सगळं देणं खर्चासह भरलं, तर घर परत मिळतं. २०१६ च्या दुरुस्तीनं ही वेळ तिथवर आणून ठेवली आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणून नातेवाइकांकडे हात पसरायचाच तर जाहिरात आल्यावर पसरावा. तेव्हा प्रत्येक जण मनापासून म्हणतो, "अरे, आधी बोलला असतास तर!" मावसभावाला मेहुणा हेच म्हणाला, आणि पैसे खरंच काढून ठेवले होते त्यानं.

लिलावात देणं आणि खर्च वळते होऊन काही उरलं, तर ते तुमचं असतं. मागायला जाऊ नका, हिशेब दाखवतील.

लिलावाआधी पाहणीचा दिवस ठरतो. लोक येतात, भिंती ठोकून बघतात, बाथरूमचा नळ सोडतात, गॅलरीत उभं राहून आपसात कुजबुजतात. मावसभावाच्या घरी एका जोडप्यानं विचारलं, "पाणी किती वाजता येतं?" तो म्हणाला, "सकाळी सहाला, पण पाचलाच उठून बसा, प्रेशर तेव्हा चांगलं असतं."