‘सोलर बसवा, बिल बघा, झालं’ : कारखानदारांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही आठवडे कारखानदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला. त्यातल्या एकानं खाली लिहिलं होतं, "घ्या, तुमच्या पोटावर पाय." मजकूर लांबलचक आहे, पण सार एवढंच: ‘एनर्जी मॅनेजमेंट सिस्टिम, आयएसओ ५०००१ हे सगळं सल्लागारांचं दुकान आहे. मोठ्या कंपन्यांना ते शोभतं, आपण लहान माणसं. सोलर बसवा, एलईडी लावा, पॉवर फॅक्टर एकच्या जवळ ठेवा, दर महिन्याला बिल नीट बघा. त्याउपर वीज वाचवायची असेल तर नवीन मशिनरी घ्या. बाकी सगळे कागदी घोडे.’ शेवटी जोडलेले हात आणि ‘प्रत्येक उद्योजकापर्यंत पोचवा’. (आयएसओ ५०००१ म्हणजे ऊर्जेचा वापर मोजून सांभाळायची पद्धत कशी असावी हे सांगणारं आंतरराष्ट्रीय मानक. पॉवर फॅक्टर म्हणजे ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा.)

मी एनर्जी ऑडिट, म्हणजे कारखान्यात वीज कुठे जाते याची तपासणी, करून पोट भरतो, म्हणजे मेसेजमधलं ते दुकान माझंच. तेव्हा माझा स्वार्थ आधीच सांगून टाकला. माझा वावर बहुतेक कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले एमआयडीसीतल्या फौंड्र्यांमध्ये, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांमध्ये, त्यामुळे उदाहरणंही तिथलीच येतील.

सुरुवात ‘दर महिन्याला बिल नीट बघा’पासून करतो, कारण ऐकायला सगळ्यात शहाणपणाचं वाक्य ते आहे आणि घोळही तिथेच आहे.

हिशेबाला सोपे आकडे घेऊ. एका फौंड्रीत एका महिन्यात ३०० टन धातू वितळला आणि २,६०,००० युनिट लागली. पुढच्या महिन्यात ऑर्डर कमी, २०० टन, युनिट २,००,०००. पहिल्या महिन्यात टनाला ८६७ युनिट, दुसऱ्यात १,०००. मालक वायरमनला फैलावर घेतो. तिसऱ्या महिन्यात २५० टन, युनिट २,४२,०००, म्हणजे टनाला ९६८. ‘सुधारणा आहे’ म्हणून मालक खूश, वायरमनही सुटला.

आता हेच आकडे आलेखाच्या कागदावर मांडा. आडवे टन, उभी युनिट. पहिल्या दोन महिन्यांतून रेघ ओढली की दिसतं, टन वाढला की त्याला ६०० युनिट लागतात, आणि एकही टन वितळला नाही तरी ८०,००० युनिट जाणारच. कॉम्प्रेसर, भट्टीच्या कूलिंगचे पंप, सँड प्लांट, पंखे, ऑफिस. उत्पादन घटलं की हा ठरलेला बोजा कमी टनांवर वाटला जातो आणि टनामागचा आकडा फुगतो. दुसऱ्या महिन्यात वायरमनची काहीच चूक नव्हती. तिसऱ्या महिन्यात, ज्याला सुधारणा म्हटलं, तिथे रेघेप्रमाणे २,३०,००० युनिट लागायला हवी होती. लागली १२,००० जास्त. युनिटला सरासरी नऊ रुपये धरले तर लाखाच्या वर पैसे गेले आणि बिल नीट बघणाऱ्या मालकानं त्यावर शाबासकी दिली. (प्रत्यक्षात रेघ दोन महिन्यांवर ओढायची नसते. निदान बारा महिने घ्यावेत, सणासुदीची सुट्टी, पावसाळा सगळं त्यात येतं.)

ही रेघ म्हणजे बेसलाइन. ५०००१ हे मानक २०११ साली आलं आणि २०१८ मध्ये सुधारलं. त्याच्या गाभ्याशी हेच आहे: वीज कुठे जास्त जाते ते शोधा, ती कशामुळे कमीजास्त होते ते शोधा, म्हणजे किती लागायला हवी ते आधी सांगता येईल, आणि फरक पडला की कुणी काय करायचं ते ठरवून ठेवा. बिल हे सगळं झाल्यावर महिन्यानं येतं, तेही अख्ख्या कारखान्याचं एकच. कुठल्या शिफ्टला, कुठल्या भट्टीवर, कशानं, ते त्यात लिहिलेलं नसतं.

भट्टीचं तर अगदी जवळून बघण्यासारखं आहे. फौंड्रीत विजेचा मोठा हिस्सा इंडक्शन भट्टी खाते, म्हणून सगळे तिच्या पॅनेलकडे बघतात. पण युनिट पॅनेलमध्ये वाढत नाहीत. हीट (भट्टीतला एका वेळचा धातू) तयार झालेली असते, नमुना स्पेक्ट्रोला (धातूत काय किती आहे ते तपासणाऱ्या यंत्राला) गेलेला असतो, आणि तिकडे मोल्डिंगवाले, म्हणजे साचे बनवणारे, म्हणतात, "अजून दहा मिनिटं, बॉक्स बंद व्हायचेत." भट्टीवाला धातू थंड पडू नये म्हणून पॉवर चालू ठेवतो. झाकण? ते भिंतीला टेकून उभं असतं, कारण चार्ज (भंगार) टाकताना आणि स्लॅग (वर तरंगणारी मळी) काढताना ते आड येतं. लॅडल (धातू ओतायचं भांडं) आधी नीट तापवलेला नसेल तर भट्टीवाल्याला अनुभवानं माहीत असतं की ओततानाच धातू निवणार, म्हणून तो १४५० ऐवजी १५५० अंशांवर नेऊन ठेवतो. उघड्या तोंडातून किरणांनी जाणारी उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातानं वाढते, म्हणजे या शंभर अंशांनी ती सुमारे पाव हिश्शानं वाढली. भंगाराला वाळू आणि गंज असेल तर स्लॅग वाढला, वेळ वाढला.

आता सांगा, यातली कुठली गोष्ट वायरमनच्या हातात आहे? बॉक्स मोल्डिंगचे, लॅडल मेंटेनन्सचा, भंगार परचेसचं. म्हणून ‘सिस्टिम’ हा शब्द. हीटच्या वहीत तीन रकाने वाढवा: भट्टी चालू केल्याची वेळ, धातू ओतल्याची वेळ, मीटरचं रीडिंग. शेजारी उशिराचं कारण एका शब्दात. पंधरा दिवसांनी ती वही प्रॉडक्शन, मेंटेनन्स आणि परचेस या तिघांना एकाच टेबलावर बसवून वाचायची. याला नवीन मशिनरी लागत नाही. लागतो तो भट्टीचा वेगळा मीटर, आणि बऱ्याच पॅनेलवर तो असतोच, फक्त कुणी वाचत नाही.

यावरून ‘नवीन मशिनरी घ्या’कडे येतो. आहे त्या मशिनरीत किती वाया जातं ते आधी बघू.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सकाळी कारखान्यात जा. सगळं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करा आणि मोबाईलवर वेळ लावा. हवा कुणीच वापरत नाही, म्हणजे एकदा रिसीव्हर (हवेची टाकी) भरला की कॉम्प्रेसरनं गप्प बसायला हवं. समजा तो ७० सेकंद लोडवर (हवा भरत) चालला, ११० सेकंद अनलोड (हवा न भरता) राहिला, पुन्हा ७० सेकंद लोडवर. सत्तरला एकशेऐंशीनं भागा. कॉम्प्रेसरच्या क्षमतेतली ३९ टक्के हवा निव्वळ गळतीत चालली आहे. हा आकडा ऐकून मालक आधी मोबाईलवर संशय घेतात. २० ते ३० टक्के गळती तर आपल्याकडे नेहमीचीच.

मग शांत शेडमध्ये नुसतं चालायचं. एरवी ग्राइंडरच्या आवाजात जे ऐकू येत नाही ते येतं. कपलिंगपाशी बारीक सूं, नॉकआउटजवळच्या (साचे फोडायच्या जागेजवळच्या) होजला कुणीतरी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली असते आणि तिच्यातून फुरफुर चालू असते. फिटर साबणाचं पाणी लावतो, बुडबुडा आला की खडूनं गोल करतो. सात बार दाबाला तीन मिलिमीटरचं एक भोक साधारण तीन किलोवॅट खातं. वर्षाला ७,२०० तास धरले तर २१,६०० युनिट, नऊ रुपयांनी दोन लाखांच्या जवळ. क्लॅम्पची किंमत मी सांगायला नको. शिवाय शेवटच्या मशीनला हवा पुरत नाही म्हणून कधीतरी कुणीतरी कॉम्प्रेसरचं सेटिंग सातवरून आठवर नेलेलं असतं. एक बार वाढला की वीज ६ ते १० टक्के वाढते, आणि भोकंही जास्त जोरानं वाहतात.

मेसेज लिहिणारा यावर म्हणेल, मग एकदा गळती काढली की झालं, सिस्टिम कशाला? कारण होज रबराचा असतो. तीन-चार महिन्यांत गळती परत येते आणि तोवर तो फिटर दुसरीकडे लागलेला असतो. अनेक ठिकाणी माझ्याआधी कुणीतरी केलेल्या ऑडिटचा स्पायरल बाइंडिंगचा रिपोर्ट ऑफिसच्या कपाटात मिळतो. त्यात हेच कपलिंग, हाच होज, फोटोसकट. रिपोर्ट बरोबर होता. ही चाचणी दर तीन महिन्यांनी कुणी करायची, आकडा किती झाला की काम काढायचं, एवढं कुठे लिहिलेलं नव्हतं.

सोलरबद्दल मी विरोधात नाही, छत असेल तर जरूर बसवा. पण आधी गळती काढून मग किती किलोवॅटचा बसवायचा ते ठरवा, नाहीतर भोकांना वीज पुरवायला पॅनेल विकत घेतल्यासारखं होईल. दुसरं, उच्चदाब ग्राहकांना महावितरणचं बिल एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर येतं, म्हणजे नुसत्या कामी आलेल्या विजेवर (किलोवॅट) नाही, तर ग्रिडकडून ओढलेल्या एकूण विजेवर (केव्हीए). समजा कारखान्याचा लोड १०० किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर ०.९, म्हणजे १११ केव्हीए. दुपारी सोलरनं ७० किलोवॅट दिले. ग्रिडकडून ३० किलोवॅटच घ्यायचे, पण मोटारींना लागणारे ४८ केव्हीएआर (चुंबकत्वासाठी लागणारी, प्रत्यक्ष काम न करणारी वीज) तसेच ग्रिडवर राहिले, कारण इन्व्हर्टर साधारणपणे निव्वळ किलोवॅट देतो. आता ग्रिडच्या मीटरला पॉवर फॅक्टर दिसतो ०.५३ आणि केव्हीए ५७. सत्तर दिले, चोपन्नच वाचले. सोलरवाल्याचा हिशेब सत्तरचा होता. ही केव्हीएआर कारखान्यातच पुरवणाऱ्या कपॅसिटर पॅनेलची सीटी (करंट मोजणारं उपकरण) योग्य जागी आणली, कपॅसिटर वाढवले की हे सुधारतं. पण ते बघायला हवं हे कुणाच्या तरी यादीत असावं लागतं. मेसेजमधले ‘सोलर बसवा’ आणि ‘पॉवर फॅक्टर एकच्या जवळ ठेवा’ हे दोन सल्ले एकमेकांच्या पायात येतात, ते लिहिणाऱ्याच्या लक्षातच आलेलं नाही.

एलईडी लावाच. फौंड्रीच्या बिलात दिव्यांचा वाटा किरकोळ असतो, एवढं लक्षात ठेवून लावा.

‘मोठ्यांना शोभतं’ यात अर्धं खरं आहे. मोठ्यांना ते शोभत नाही, त्यांना सक्ती आहे. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली ठरावीक उद्योगांना एनर्जी मॅनेजर नेमावा लागतो, ऑडिट करावं लागतं. ‘पॅट’ या ऊर्जाबचतीच्या सरकारी योजनेच्या २०१२ ते २०१५ च्या पहिल्या फेरीत आठ क्षेत्रांतल्या ४७८ कारखान्यांना उद्दिष्टं दिली होती. एकूण उद्दिष्ट ६६.८६ लाख टन तेलाइतक्या ऊर्जेचं, बचत झाली ८६.७ लाख टनांची. उद्दिष्टंच सोपी होती अशी टीका झाली आणि ती मला पटते. तरी मोजायला लागल्यावर वाचतं, हे त्यातून दिसलंच.

लहानांना सक्ती नाही म्हणून सिस्टिम त्यांच्यासाठी नाही, हे मात्र चूक. ५०००१ कुठल्याही आकाराच्या संस्थेसाठी आहे, आणि सगळं एकदम झेपत नसेल तर टप्प्याटप्प्यानं कसं करायचं यासाठी २०२१ मध्ये ५०००५ हे वेगळं मार्गदर्शन निघालंय, ते खास करून लहान-मध्यम उद्योगांना डोळ्यांसमोर ठेवून. पैशांचं म्हणाल तर बीईईनं (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं) जुलै २०२५ मध्ये ‘अदिती’ योजना सुरू केली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना कर्जाच्या व्याजात ५ टक्के, मध्यम उद्योगांना ३ टक्के सवलत. फौंड्री, फोर्जिंग, टेक्स्टाइल सगळे त्यात बसतात. पण तिथेही निदान १० टक्के बचत दाखवावी लागते. आधी किती लागत होती हे ज्याच्याकडे लिहिलेलंच नाही, तो दाखवणार काय?

राहिले कागदी घोडे. इथे मी निम्मा मेसेजवाल्याच्या बाजूनं आहे. ऑडिटरच्या आदल्या रात्री सह्या झालेल्या फायली मी बघितल्यात, चहा पितापिता एकाच पेनानं भरलेलं सहा महिन्यांचं रजिस्टरही बघितलंय. रिसेप्शनवर काचेत सर्टिफिकेट आणि आत शेडमध्ये भर दुपारी दिवे चालू, हेही. पण सर्टिफिकेट घेणं मानकात बंधनकारक नाहीच. सगळं नीट करून अर्ज न करणारे असतात, त्यांची बचत त्यामुळे कमी होत नाही. आणि जे सर्टिफिकेट घेतात त्यांच्या बाबतीत नुसती कार्यपद्धती लिहून भागत नाही, वापरात प्रत्यक्ष सुधारणा झाल्याचं आकड्यांनी दाखवावं लागतं. किती टक्के, ते मानक सांगत नाही. त्यामुळे अगदी थोड्या सुधारणेवर वेळ मारून नेणारेही निघतात, हेही कबूल.

हा मेसेज ज्यांनी मुळात लिहिला त्यांचं नाव त्यावर नाही. ते हे वाचत असतील तर माझी एक विनंती आहे. गेल्या बारा महिन्यांचे टन आणि युनिट, एवढे चोवीस आकडे घेऊन एकदा बसूया. आलेखाचा कागद माझा, फी नाही. सगळे बारा ठिपके रेघेवर नीट बसले तर मीच तो मेसेज पुढे पाठवतो, जोडलेल्या हातांसकट.